मुडीतलं दप्तर

"हे दप्तर आहे की वाळवीचं जेवण?" असं मी त्या दिवशी बैठकीत जे ओरडले, ते पार खाडीपर्यंत ऐकू गेलं असेल. ओरडणार नाही तर काय करणार! छप्पन सालचा पाऊस संपला होता, कापणी तोंडावर आली होती, आणि मंडळाची लोखंडी ट्रंक उघडून बघते तर निम्म्या कागदांवर बुरशी, उरलेल्यांच्या कडा कुरतडलेल्या. आरोंद्याकडची खाडीकाठची हवा ही अशी. इथे लोखंडाला टिकता येत नाही, तिथे बिचाऱ्या कागदाचं काय?

मी सुभद्रा. माहेर वेंगुर्ल्याचं, मराठी फायनलपर्यंत शिकलेली. वाडीतल्या बायकांनी महिला मंडळ काढलं तेव्हा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच ते ओढून घेतलं. गोव्याच्या सत्याग्रहाला निघालेली पोरं आमच्या अंगणात उतरली, त्यांना आम्ही पेज वाढली, मार खाऊन परत आली तेव्हा त्यांची डोकी आम्ही बांधली. आमच्यातल्या दोघी तर त्यांच्याबरोबर हद्दीपर्यंत चालत गेल्या. आणि नंतर गावच्या सभेत आभार कुणाचे मानले? ज्यांनी ओट्यावर उभं राहून घोषणा दिल्या त्यांचे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सभा संपायची वाटही न बघता घरी आले आणि पहिलं पान लिहिलं. कोण गेल्या, कोणी रांधलं, कोण काय म्हणाली. खाली ज्यांना येतात त्यांच्या सह्या, बाकीच्यांचे अंगठे.

मग दप्तर वाढतच गेलं. विहिरीसाठी आम्ही सावंतवाडीला मोर्चा नेला, त्या अर्जाची नक्कल. वेंगुर्ल्याच्या फोटोवाल्याने काढलेला सगळ्यांचा फोटो. त्यात मंडळातल्या जानकीने नेमके डोळे मिटले होते, आणि फोटोवाल्याला ती अजून शिव्या घालते. सभेतली भाषणं, सभेतली भांडणंसुद्धा. आणि दर सुगीला एक गोष्ट न चुकता लिहायची, ती म्हणजे कुठल्या बाईने कुठला मळा कसला आणि त्याचा खंड म्हणून भाटकाराच्या घरी किती भात गेलं.

या शेवटच्या पानांवर शेवंतीचा जीव टांगलेला होता. तिचा नवरा दत्ताराम मुंबईला गोदीत होता, तिथेच तापाने वारला. मळा तो असतानाही शेवंतीच कसायची आणि तो गेल्यावरही. आमच्या वाडीतल्या बहुतेक जमिनीचा मालक गंगाराम भाटकार. तो दरवर्षी शेवंतीकडून खंडाचं भात घ्यायचा, पण पावती मागितली की हसायचा. "बायलमाणसाक कसली पावती?" आता नवा कूळकायदा येऊ घातला होता. येत्या एप्रिलात कसेल त्याची जमीन होणार, असं जो तो बोलत होता. तसा भाटकार सावध झाला आणि गावभर सांगत सुटला, की कूळ होता तो दत्ताराम, तो मेला, ही शेवंती नुसती माझ्या मळ्यात मजुरीला येते. म्हणजे मळा गेला की शेवंती आणि तिची म्हातारी सासू काशीबाई, दोघींनी जायचं कुठे? पुरावा म्हणाल तर आमचं दप्तर, बाकी काही नाही.

"तरंकेत कित्याक ठेवतंस गो?" जानकी म्हणाली. "पावसात भात खंय रवता? मुडयेत. मगे कागद काय भातापेक्षा नाजूक?"

जानकीने बांधलेली मुडी म्हणजे विचारू नका. पेंढ्याचा तो गोल गठ्ठा, मधे भात, वरून पेंढ्याचीच दोरी अशी आवळायची की आत वारा शिरायला जागा नाही. चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवली की मुडी दोन-दोन पावसाळे काढते. मला ते पटलं. कागद आधी उन्हात वाळवले, मेणकापडात गुंडाळले, आणि नव्या भाताच्या मधोमध बसवून जानकीने मुडी आवळली. दुसऱ्या बाईच्या हाताने सुटणार नाहीत, अशा गाठी मारल्या. ठेवायची कुठे? माझ्या घराभोवती भाटकाराचा माणूस घिरट्या घालत होता, दप्तराची बातमी त्यालाही होती. म्हणून मुडी गेली शेवंतीच्या माळ्यावर, तिच्या इतर मुड्यांत. काशीबाईला काही सांगायचं नाही असं ठरलं, कारण काशीबाईला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत पाणवठ्यावर पोचते.

आणि तिथेच सगळं फसलं! मार्गशीर्षात भाटकाराचा माणूस गाडी घेऊन खंड न्यायला आला, तेव्हा शेवंती मळ्यात होती. घरी एकटी काशीबाई. आता धन्याला द्यायची मुडी कुठली, तर घरातली सगळ्यात देखणी. वाकडी, सैल मुडी दिली तर घराची अब्रू जाते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक. काशीबाईने माळ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ती, ती फुगीर, जानकीच्या हातची. ती घेवन जा."

शेवंती माझ्या दारात आली ती धापा टाकत.

"वयनी, गेला गो! दप्तर भाटकाराच्या कोठारात गेला!"

एवढा राग आला होता की कुणावर काढायचा तेच कळेना. काशीबाई मागून आलीच होती, पदर तोंडाला लावून रडत. "माका सांगूचा तरी होता गो चेडवांनू," ती म्हणाली. "माका काय कळना नाय असां समाजल्यात?"

जाऊन मुडी मागावी तर भाटकाराला वास लागणार आणि तो तिथल्या तिथे काडी लावणार. चोरावी तर कोठाराला हे भलंमोठं कुलूप. शेवंती अंगणात उभी राहून नुसती आपल्या मळ्याकडे बघत होती. तिच्याकडे बघून मला आणखीनच चीड आली आणि त्या चिडीतच सुचलं. आमच्याकडे रीत आहे, खंडाच्या मुडीत भात उणं आहे अशी तक्रार झाली, की मुडी खळ्यात आणायची आणि चारचौघांदेखत सोडून मापायची. ही रीत भाटकाराची लाडकी. कुणा गरीब कुळाला खाली बघायला लावायचं असलं की तो हीच रीत काढायचा.

"तक्रार आपणच करायची," मी म्हटलं. "आपल्याच मुडीची. जाऊन सांगायचं, आम्ही भात कमी घातलं. मुडी खळ्यात सुटली की गाठोडं मी उचलते."

शेवंतीने मान डोलावली. पण जानकी ताडकन उठली. "माझी मुडी उणी? मेलंय तरी सांगूचंय नाय! उद्या गावात कोण माझ्याकडसून मुडी बांधून घेतलो?"

"नको सांगू. जमीन जाऊ दे शेवंतीची. तुझ्या मुडीचं नाव राहू दे," मी म्हटलं.

जानकीने मला एक सणसणीत शिवी हासडली, ती इथे लिहीत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सगळ्यांच्या पुढे चालत तीच भाटकाराच्या अंगणात शिरली.

"भाटकारानू," ती म्हणाली, "शेवंतीची खंडाची मुडी मिया बांधलंय. भात उणां घातलंय. माका झोप येना नाय. मुडी सोडा नि मापा."

तिच्या चेहऱ्यावरून वाटलं असतं, कुणी तिला जिवंत सोलतंय. भाटकाराला मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं! महिला मंडळाच्या बायका, मोर्चे काढणाऱ्या, सरकारदरबारी अर्ज करणाऱ्या, आणि भाताच्या चोर! ही मजा तो एकटा कसा बघेल? त्याने माणूस धाडून तलाठ्याला बोलावलं, शेजारच्या वाडीतून चार भारदस्त मंडळी बोलावली, खळ्यात घोंगडी अंथरली. म्हणजे साक्षीदार आम्ही नाही आणले हो, त्याने आणले. त्याच्याच घरचा चहा पिऊन ते साक्षीला बसले.

"पंचनामा लिहा," तो तलाठ्याला म्हणाला. तलाठ्याशी बोलताना तो पुस्तकी भाषा काढायचा. "शेवंती हिने आम्हाला दिलेल्या खंडात लबाडी केली."

तलाठी तरुण होता, नियमाचा माणूस. "मुडी खंडाचीच ना? नक्की?" त्याने विचारलं.

"अहो, खंडाची म्हणजे खंडाचीच! दरवर्षी हिच्याकडूनच येते. आणि दरवर्षी ही असंच करीत असणार!"

तलाठ्याने लिहिलं. मी तेव्हा तिकडे नीट लक्षच दिलं नाही, माझे डोळे कोठाराच्या दारावर. मुड्या बाहेर आल्या, जानकीने आपली मुडी लांबूनच ओळखली, आणि गाठी सोडायलाही तिलाच बसवलं, कारण दुसऱ्या कुणाला त्या सुटेनात. पेंढा उलगडला. भात खळ्यात सांडलं, आणि त्या भातातून मेणकापडाचं गाठोडं वर आलं.

मी झेप घातली. पण भाटकाराच्या माणसाचा हात आधी पोचला.

भाटकाराने गाठोडं सोडून बघितलं. फोटो बघितला, अंगठे बघितले, आणि त्याच्या डोक्यात सगळा प्रकाश पडला. त्याला इतकं हसू फुटलं की बोलता येईना. "खंडाच्या मुडयेत जां गावलां तां माझां," तो म्हणाला, यावेळी आपल्या खऱ्या भाषेत. "लिवा तलाठीभाऊ. शेवंतीन खंडात भाताच्या जागी रद्दी घातल्यान. आता ही रद्दी चुलीत घालूची काय बंबात, तां मी बघतंय."

तलाठ्याने तेही लिहिलं. मग रीतीप्रमाणे पंचनामा मोठ्याने वाचून दाखवला. "शेवंती, दत्ताराम याची विधवा, हिजकडून गंगाराम भाटकार यांस दरवर्षीप्रमाणे खंडापोटी मिळालेली मुडी पंचांसमक्ष सोडली असता..."

वाचता वाचता तलाठी थांबला. भाटकाराच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण खालचा रंग गेला. मीही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, नीट ऐकलं. दरवर्षीप्रमाणे खंडापोटी. आमचं दप्तर आम्ही बायकांनी लिहिलेलं. कोर्टात कुणीही म्हटलं असतं की मैत्रिणींनी मैत्रिणीसाठी रचलंय. पण हे तर भाटकाराच्या तोंडचं होतं, तलाठ्याच्या हातचं, त्याच्याच चहाच्या पंचांपुढे! खंड घेतोस म्हणजे ती तुझं कूळ. मजुरणीकडून कोणी खंड घेतो का?

"खोडा तां," भाटकार म्हणाला. मग आवाज खाली आणून माझ्याकडे वळला. "सुभद्राबाय, तू शिकलेली. कित्याक वाढवतंस? मुडी चुकून इली. खंडाची नव्हतीच. मंडळाची होती, हयसर पोचली. असां तू सांग, तलाठीभाऊ खोडतले, नि ह्यां तुझां दप्तर घेवन जा. एक कागद कमी जावचो नाय."

त्याने गाठोडं माझ्यापुढे धरलं. खोटं कशाला बोलू, माझा हात पुढे गेला. रात्र-रात्र जागून केलेलं ते माझं काम होतं. हद्दीवर गेलेल्या दोघींपैकी एक नंतर बाळंतपणात गेली. ती काय म्हणाली होती ते त्या कागदांशिवाय जगात कुठेच नव्हतं. ते पान मी माझ्या हाताने लिहिलं होतं, ती बोलत असताना.

"घे गो वयनी," शेवंती हळूच म्हणाली. "तुझां दप्तर तुका घे. माझां मी बघतंय."

ती असं म्हणाली आणि मला रडूच फुटलं. मळा गेल्यावर ही काय बघणार होती? ज्या बाईसाठी आम्ही ते लिहिलं, तिचंच पोट कापून मी ते कागद घरी नेऊन उन्हात वाळवत बसायचं? मी हात मागे घेतला.

"मुडी खंडाची," मी म्हटलं. "शेवंतीने दिली, तुम्ही घेतली. तुमचीच आहे ती. ठेवा."

"मिया दिलंय," मागून काशीबाई ओरडली. "माझ्या ह्या हातान. खंड म्हणानच दिलंय! लिव रे बाबा!"

तलाठी खाली बघून लिहीत राहिला. पंचांनी सह्या केल्या. चहा प्यालेले होते तरी केल्या, कारण प्रत्येकाने कानाने ऐकलं होतं. मग भाटकाराने आमच्या देखत खळ्याच्या कोपऱ्यात दप्तर पेटवलं. मेणकापडामुळे धूर काळाकुट्ट झाला. फोटोतल्या आम्ही सगळ्या गोळा होऊन जळालो. जानकी एवढंच म्हणाली, "माझे मिटलेले डोळे तरी गेले," आणि मग तीही रडायला लागली. आम्ही कोणी तिथून हललो नाही, विझेपर्यंत उभ्या राहिलो.

कूळकायद्याची सुनावणी लागली ती गावच्या शाळेत. मामलेदार आले, बाजूला कारकून टेबल मांडून बसला, भाटकाराने सावंतवाडीहून वकील आणला. पंचनामा वाचला गेला. वकील हुशार होता, तो उठून म्हणाला, "माझे अशील रागाच्या भरात बोलून गेले. एका मुडीवरून कोणी कूळ ठरत नाही, साहेब. मागच्या वर्षांचा काही लेखी पुरावा आहे का बाईंकडे?"

मी उभी राहिले. आम्ही नव्याने लिहिलेले कागद पुढे केले. दप्तर जळाल्यापासून एकेक बाई माझ्या ओटीवर येऊन आपलं आपलं सांगून गेली होती, ते सगळं त्यात होतं. वकिलाने शाई बघितली आणि म्हणाला, "हे तर परवा लिहिलेलं दिसतं. जुने कागद दाखवा."

शेवंतीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आणि मागच्या बाकावरून काशीबाई उठली. आमच्या एकाही सभेला न आलेली, साहेबांपुढे कधी तोंड न उघडलेली बाई.

"जुने कागद ह्येनी जाळल्यानी," भाटकाराकडे बोट करून ती म्हणाली. "जुनी मानसां आमी आसंव. माका इचारा. मी ह्या घरात न्हवरी म्हणान इलंय त्या वर्सापासून तो मळो मी लावतंय. माझो घोव तारवार दर्यात, झील मुंबयक. ह्येंच्या बापाशीक मी खंड दिलंय, ह्येंका दिलंय, मगे सुनेन दिल्यान. मळ्याचो बांध खंय फुटता, वायंगणाच्या भाताक पाणी खंयसून येता, सांगू? नायतर ह्येंका इचारा. ह्येंचो पाय कदी त्या चिखलात पडलोहा?"

वकील म्हणाला, "साहेब, ही सासू आहे, ती सुनेच्या बाजूने बोलणारच."

"मगे माका इचारा," जानकी उठली. "मी सासू न्हय." तिच्या शेजारची उठली. मग मागचं आख्खं बाक. कुणी त्या मळ्यात लावणीला गेलेली, कुणी खंडाच्या मुड्या गाडीत चढवताना बघितलेल्या, कुणाचा अंगठा त्या जळलेल्या पानावर होता. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. शाळेचं छप्पर उडतं की काय असं झालं.

मामलेदारांनी टेबलावर हात आपटला. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढणार. ते म्हणाले, "एकेकीने पुढे या. नाव सांगा आणि मग बोला." आणि कारकुनाकडे वळून म्हणाले, "सगळं लिहून घ्या. यांच्याच शब्दांत."

कारकुनाची दौत दोनदा भरावी लागली. प्रत्येकीने आपलं पूर्ण नाव सांगितलं, जबानी दिली, खाली अंगठा उठवला. काशीबाईने तर अंगठा उठवल्यावर तो कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला, मगच परत दिला. त्या जबान्यांवर शेवंतीचा मळा शेवंतीच्या नावावर झाला. भाटकार अजून वाटेत भेटला की तोंड फिरवतो. फिरवू दे. आमचं दप्तर आता सरकारी शिक्क्यासकट सावंतवाडीच्या कचेरीत आहे. हिंमत असेल तर जाळ म्हणावं आता कचेरी!